खापर सुरतेला जाणार नाही

वरणाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे आमचा अबोला मोडला.

"गॅस," प्रशील म्हणाला.

"तुझ्या हाताजवळ आहे," मी म्हणाले.

त्याने गॅस बारीक केला, पण मोबाइलवरचा सुरतेचा नकाशा काही हातातून सोडला नाही. जळगावात मेहरूणच्या आमच्या दोन खोल्यांत त्या सकाळी भांडण एवढंच होतं, की सुरतेत दोन दिवसांत काय बघायचं. आमची लेक मित्रा ओट्याखाली बसून वाटाणे सोलत होती; सोलत कमी, खात जास्त.

प्रशील एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करतो. बिघडलेलं मशीन दिसलं की त्याचा चेहरा खुलतो. माझा चेहरा पडला तर त्याला चार दिवस कळत नाही. त्याला सुरतेचे माग बघायचे होते. पाण्याच्या फवाऱ्यावर धागा फेकणारे माग तिथे आहेत म्हणे, आणि त्याचा मित्र सुकदेव तिथे फिटर आहे, तो आत नेणार होता.

मला नदी बघायची होती. माझं माहेर मुक्ताईनगरकडचं, हतनूर धरणाच्या फुगवट्याला लागून. तापीत पाय सोडून मी पाढे पाठ केलेले. मित्रा व्हायच्या आधी मी शाळेत भूगोल शिकवायचे, तेव्हा फळ्यावर तापी काढताना खडू पश्चिमेला ओढत न्यायचा आणि सांगायचं, इथे ती समुद्राला मिळते. मिळते म्हणजे नक्की काय होतं, ते बाईंनी स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं.

"नदी काय, इथेही आहे," प्रशील म्हणाला.

"माग काय, धुळ्यातही आहेत."

"ते जुने."

"इथली नदी अर्धी."

तो हसला, आणि मग ठरायला वेळ लागला नाही. सकाळ मागांची, संध्याकाळ नदीची. मागांजवळ मी "चला आता" म्हणायचं नाही. नदीवर त्याने मोबाइल काढायचा नाही. दुपारी सुरतेचा तो मऊ, खमणासारखा लोचो खायचा. त्याबद्दल आमच्या घरात मतभेद नाहीत. लोकांना वाटतं नवराबायकोच्या आवडी जुळायला हव्यात. आमच्या कधीच जुळल्या नाहीत, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. अडलं ते पुढच्या वाक्याला.

"आणि उतरायचं लॉजवर," मी म्हणाले.

"ताई असताना?"

लताताई ही प्रशीलची थोरली बहीण. खानदेशातल्या माणसाचं सुरतेत कुणी ना कुणी असतंच, आणि असलं की उतरायचं तिथेच. यावर कुणी चर्चा करत नाही. मित्रा कडेवर होती तेव्हा आम्हीही उतरलो होतो. मला मांडे चांगले जमतात, हा माझा गुन्हा. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ताटाहून मोठी करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायची. हल्ली फार जणींना येत नाही. ताईंनी सगळी गल्ली जेवायला बोलावली. प्रशील आणि दाजी शहर हिंडून आले. मी ओट्यापासून खापरापर्यंत आणि खापरापासून ओट्यापर्यंत हिंडले. परत आल्यावर शेजारच्या रोहिणीने विचारलं, "कशी आहे गं सुरत?"

"ओटा जरा उंच आहे," मी म्हणाले. ती खूप हसली. मला हसू आलं नाही.

"हे बघ," मी प्रशीलला सांगितलं, "या वेळी मी मांडे केले तर ती सहल नाही. ते नुसतं दुसऱ्या गावातलं स्वयंपाकघर आहे. तसं असेल तर मी येत नाही. तू जा, माग बघून ये."

त्याने मोबाइल खाली ठेवला. "बरं. लॉज बघतो. ताईला मी सांगतो."

शनिवारी आम्ही धुळ्याला गेलो. देवपूरला सासूसासऱ्यांकडे मुक्काम करायचा आणि सकाळच्या बसने सुरत. ओसरीत पाऊल टाकलं आणि मी पिशवी खाली ठेवायची विसरले. कोपऱ्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळून सुतळीने बांधलेलं, नवंकोरं खापर ठेवलेलं होतं.

"जपीसन ली जाय बेटा," सासूबाई म्हणाल्या. "सुरतमा असं खापर भेटत नही. लता वाट देखी राह्यनी."

मी प्रशीलकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता. "आवाज येतोय याचा," म्हणाला. "बेअरिंग गेलं वाटतं."

"पंखा राहू द्या," मी म्हणाले. जळगावात मी त्याला तू म्हणते, धुळ्यात तुम्ही. "सांगितलं नाही तुम्ही?"

"सांगणार होतो. पण फोनवर ताई इतकी खूश झाली. म्हणाली, मृणाली मांडे करेल ना? माझ्या तोंडून हो निघून गेलं."

सासरे, देवचंदनाना, एस.टी.त ड्रायव्हर होते. ते खाटेवरून म्हणाले, "खापर बसमध्ये फुटतं. मांडीवर धरलं तरी फुटतं. बस मी चालवलीये, मला विचारा."

"तुम्ही चूप बठा," सासूबाई म्हणाल्या.

मित्रा खापराच्या पोटावर बोटांनी ढोलकी वाजवत होती. मला वाटलं, आता गप्प बसले तर पुढच्या वेळी हे खापर नागपूरला येईल, पुण्याला येईल, मी म्हातारी होईन आणि ते माझ्या मांडीवरच असेल.

"आई," मी म्हणाले, "हे खापर सुरतेला जाणार नाही. आम्ही लॉजवर उतरतोय."

सासूबाईंनी आधी प्रशीलकडे पाहिलं, हे खरं का म्हणून. तो नाही म्हणाला नाही.

"पोरनं घर शे तठे, आनि तुम्ही लॉजमा उतरशात? लोके काय म्हनतीन? लताना घरमा जागा नही का?"

"जागा भरपूर आहे आई. पण माझ्या वाट्याची सगळी स्वयंपाकघरात आहे."

"मी बी जिंदगीभर करं."

"माहीत आहे. तुम्ही इतक्यांदा सुरतेला गेलात. काय पाहिलंत तिथे?"

त्यांना वाईट वाटावं म्हणून विचारलं नव्हतं. त्या जराही अडखळल्या नाहीत.

"लताले देखं," त्या म्हणाल्या. "बठ्ठं देखं."

लेकीला पाहिलं, म्हणजे सगळंच पाहिलं. तरी मी पाऊल मागे घेतलं नाही.

"तुम्ही ताईंची आई आहात," मी म्हणाले. "मी नाही. मला नदी बघायची आहे."

मग मी प्रशीलच्या हातातून मोबाइल घेतला आणि ताईंना स्वतःच फोन लावला. आडून निरोप नको. सगळं सांगितलं.

ताई म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घरचं पाणीही चालत नाही का तुला?"

"चालतं ताई. पाणी प्यायला येऊ, चहा घेऊ, तासभर बसू. मुक्कामाला नाही, आणि ओट्याशी नाही."

"शेजारणींना सांगून बसलेय मी, मांडे आहेत म्हणून."

"मग सांगा त्यांना, मांडेवाली नदीवर गेली."

फोन कट झाला. रागाने कट केला की काय, मला अजून माहीत नाही.

प्रशील उठला. खापर दोन्ही हातांत उचललं, स्टुलावर चढून माळ्यावर ठेवलं आणि हात झटकले. "आई, ताईला मी आधीच सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "हिची चूक नाही." एवढं बोलायला त्याला आख्खा माळा चढावा लागला, पण बोलला. नाना म्हणाले, "आता उतरतोच आहेस तर पंखा बघ."

सकाळी निघताना सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पिशवी उचलली तर जड लागली. बघते तो आत कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी आणि ठेचा, फडक्यात बांधलेला. माझ्यासाठी, न बोलता दिलेलं. मी "येते आई" म्हणून वाकले, तर पाठीवर हात पडला, पण शब्द नाही. रिक्षा दाराशी उभी होती. प्रशील बॅगा ठेवत होता. मला आत कुठेतरी दुखत होतं आणि तरी मी जाणार होते.

सासूबाई पायरीवर बसून मित्राची वेणी घालत होत्या. रिबीन आवळता आवळता त्यांनी तिला विचारलं, "लॉजमा आजीनी याद ई का तुले?"

मित्रा विचारात पडली. कालपासून तिने सगळं ऐकलं होतं, आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली, तशी वेणी आजीच्या हातातून निसटली.

"आई," ती म्हणाली, "मी मोठी झाल्यावर लांब राहायला गेले ना, तर तू माझ्या घरी येशील, का लॉजवर उतरशील?"