मऊ ब्रेक

ताईच्या ब्रेकला हात मी लावायचा आणि माझ्या ब्रेकला ताईने, हा आमच्या दुकानाचा नियम बाबांच्या वेळेपासूनचा. आपला ब्रेक आपणच लावला की त्याच्या खोडीची हाताला सवय होते आणि मग ती खोड दिसेनाशी होते, असं बाबा म्हणायचे. बाबा गेले, त्यांची सायकल छताच्या हुकवर चढली आणि दुकान नियमासकट आम्हा दोघी बहिणींकडे आलं. सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन बायका, त्याही एकमेकींचं काम तपासणाऱ्या. भांडणाला वेगळं निमित्त लागत नाही.

जिन्यावरून पडून ताईचं उजवं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण मुठीतला जोर काही परत आला नाही. घरून दुकानात यायला एकच रस्ता, तो सगळा उताराचा, आणि खाली कालव्याच्या कठड्यापाशी एकदम वळण. नुसत्या मागच्या ब्रेकवर तिथे चाक घसरतं. पुढचा ब्रेक उजव्या हाताचा. म्हणून ताई सायकल हातात धरून पायी उतरायची आणि तिच्या बाजूने मी, माझी ढकलत. त्याबद्दल आम्ही दोघींनी अवाक्षर काढलं नव्हतं.

एके दिवशी दुकान उघडल्या उघडल्या ती वर बघत म्हणाली, "बाबांच्या सायकलशेजारचा हुक रिकामाच आहे ना?"

आमच्याकडे त्या हुकांवर चढलेली सायकल कधी खाली उतरलेली नाही. माझ्या काळजात धस्स झालं आणि ते झालं की मला राग येतो.

"आधी ब्रेक बदलते," मी म्हटलं. "हुकाचं नंतर बघू."

दुपारी रस्ता अगदी निवांत असतो. दारातून ऊन आत सरकतं, फिरत्या चाकाच्या तारांची सावली भिंतीवर गरगरत राहते आणि तेलाच्या वासाने डोळे जड होतात. ताईच्या सायकलला जुने कँटिलिव्हर ब्रेक होते, म्हणजे चाकाच्या दोन बाजूंना दोन दांडे आणि त्यांना रिम धरणारी रबरं. त्यांचे दोन्ही दांडे कमरेवर हात ठेवून भांडायला उभ्या राहिलेल्या बाईच्या कोपरांसारखे बाहेर आलेले. मी ते काढून माझ्या सायकलला आहे तसा जोड बसवला, ज्याचे दांडे चाकाला धरून सरळ उभे राहतात. रबरं रिमला समोरासमोर आणली, पुढचं टोक आधी टेकेल अशी किंचित तिरकी केली, म्हणजे किंचाळणार नाहीत. दोन दांड्यांना जोडणारी आडवी वायर मधोमध वर खेचून बांधली.

ताईने लिव्हर दाबली. दगडासारखी कडक.

"आता कसं!" ती खूश झाली. बाबांच्या हातचा ब्रेक असाच लागायचा.

मी तिला दारासमोर चक्कर मारायला लावली. 'थांब' म्हटल्यावर ती दात-ओठ खात दाबत राहिली आणि सायकल आपली आरामात शेजारच्या शिंप्याच्या पायरीपर्यंत गेली. शिंपी सुई तोंडात धरून बघत राहिला. ताई परत आली आणि तिने सायकल माझ्या हातात दिली.

तेव्हा मी आडवी वायर खाली आणली, मडगार्डच्या जरा वरपर्यंत. वायर खाली आली की दांडे आत ओढले जाण्याचा जोर वाढतो. मात्र लिव्हर लांबवर येते आणि बोटांना मऊ लागते.

ताईने दाबून पाहिली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "हा ब्रेक आहे का लोणी?"

"बोटांना कडक लागला म्हणजे चाकाला कडक लागतो असं नाही."

"मला शिकवू नकोस. बाबांनी कधी असा ब्रेक बांधला होता?"

"बाबांची मूठ होती तेवढी. तुझी नाहीये!"

बोलून गेले. ताईने चहाचे कप उचलले आणि ती मोरीकडे गेली. मी स्टुलावर भिंतीला टेकून बसले. सगळा राग डोळ्यांत उतरला आणि त्याची झोप कधी झाली कळलंच नाही. झोपेत सगळ्या सायकली हुकांवरून उतरून रस्त्याने चालल्या होत्या, कुणीही न बसलेल्या, आणि मी एकटी उतारावर त्यांच्यामागे. कुठेतरी पाना नटावर घसरल्याचा आवाज आला. मला वाटलं, बाबा आहेत.

जाग आली तेव्हा गिऱ्हाईक दारात होतं. संध्याकाळी दोघी सायकली ढकलत चढ चढून घरी गेलो.

सकाळी धुकं एवढं की उताराचा शेवट नव्हताच. ताईने पदर खोचला आणि ती सीटवर बसली. तेव्हा कुठे मला तो पान्याचा आवाज आठवला.

"ताई, काल मी झोपले होते तेव्हा तू पाना फिरवलास?"

"फिरवला," ती म्हणाली आणि पाय सोडून निघाली.

परत कडक केला हिने! नियम मोडला, स्वतःच्या हाताने, आणि आता कालव्याकडे निघालीय. मी ओरडले. धुक्यात तिची पाठ विरघळत गेली, मागे नुसता चाकांचा आवाज उरला. मी माझ्या सायकलवर उडी मारली. मला तिच्यासाठी एवढी भीती वाटत होती की तिला शिव्या देत होते. दोन्हीकडची झाडं येत-जात होती, जमीन दिसत नव्हती.

कठडा एकदम समोर आला. मी सवयीने जीव खाऊन लिव्हर दाबली. लिव्हर बोटांखाली मऊ गेली, आणि सायकल अशी जागच्या जागी थांबली की मी हँडलवर आदळले.

शेजारी ताई उभी होती, एक पाय जमिनीवर, वळणाच्या बरीच अलीकडे. गाल लाल, केस दवाने भिजलेले.

मी माझ्या ब्रेकवर वाकले. आडवी वायर खाली, मडगार्डच्या जरा वर.

"तुझ्या ब्रेकला हात मीच लावायचा ना?" ती म्हणाली. "तू घोरत होतीस तेव्हा माझी सायकल मागच्या गल्लीच्या उतारावर नेऊन पाहिली. दोन बोटांत थांबली. तुझंच खरं होतं. मग म्हटलं, तुझीही तशीच करून ठेवावी."

"माझ्या मुठीला काय झालंय? आणि काल सांगितलं का नाहीस?"

"तुझंच खरं, हे एवढ्यात कसं सांगणार?" ती हसली, मग हसायची थांबली. "इतके दिवस माझ्यासाठी चालत उतरलीस. बोलली नाहीस एका शब्दाने. आता कुणीच पुढे पळायचं नाही. दोघींना सारखाच ब्रेक."

मला रडू आलं, ते मी धुक्यावर ढकललं. मग ताईने पुन्हा पेडलवर पाय ठेवला, आणि वळणावरून आम्ही बरोबरच वळलो.