चाचणीसह

फोन आला तेव्हा मिस्त्रीच्या हातात ग्रंथपालांच्या गाडीच्या पुढच्या ब्रेकची डावी डिस्क होती. नवी कोरी, वरचं तेल पुसलेली. उजवी बसवून झाली होती. पलीकडे मेहुणी रडत होती आणि तिला धड बोलता येत नव्हतं. "भाऊजी, ताई सकाळी उठलीच नाही," एवढंच कसंबसं कळलं. बायको दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती. निघताना बजावून गेली होती, "ग्रंथपालांची गाडी मी आल्याशिवाय द्यायची नाही हं."

मिस्त्रीने डिस्क फडक्यावर नीट ठेवली, हात धुतले आणि शटर उघडंच टाकून निघाला.

ती आल्याशिवाय गाडी द्यायची नाही, हा त्या गॅरेजचा रिवाजच होता. वर्षानुवर्षं नट आवळायची गन चालवून मिस्त्रीच्या बोटांतली जाण गेली होती. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्यांनीही यायचं सोडलं. चहा गरम आहे की गार, हे त्याला वाफ बघून कळायचं. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, अशी तक्रार घेऊन लोक यायचे. त्यांच्या गाड्या दुरुस्त तो करायचा, पण चालवून बघायची ती. मिस्त्री शेजारी बसायचा आणि रस्त्याकडे नाही, तिच्या तोंडाकडे बघायचा. ती दोन बोटांनी स्टिअरिंग धरायची. "घट्ट धरलं की ते खोटं बोलतं," म्हणायची. वेग घ्यायची, ब्रेक दाबायची आणि निकाल द्यायची.

"हातात येतंय. पुढचं आहे."

नाहीतर, "हातात काही नाही, बुडाखाली येतंय. मागची चाकं बघा."

"अगं, गिऱ्हाइकासमोर बुड काय म्हणतेस?"

"मग काय, गिऱ्हाइकाला नसतं?"

गॅरेजची पाटीही तिनेच रंगवली होती. 'ब्रेक आणि चाकांची कामं. चाचणीसह.'

पुष्कळ दिवसांनी मिस्त्रीने शटर पुन्हा वर केलं, त्याच आठवड्यात ग्रंथपाल आले. हा गृहस्थ असा, की कुणाचा पाय आपल्या पायावर पडला तरी आपणच माफी मागेल.

"घाई नाही हं," ते म्हणाले. "ब्रेक मारला की जरा थरथरतं. अगदी जरासंच."

"जरासं म्हणजे किती?"

"म्हणजे... चष्मा नाकावरून खाली येतो."

मिस्त्री खूप दिवसांनी हसला. मग विचारलं, "साहेब, गेल्या खेपेला गाडी कुणी दिली तुम्हाला?"

"या शेजारच्यांनी. डिस्क, चाक सगळं त्यांनीच बसवून दिलं. बिचारे धावपळ करत होते. तेव्हापासूनच थरथरतंय, पण अशा वेळी कसं यायचं तुमच्याकडे?"

शेजारी म्हणजे पंक्चरवाला. मिस्त्रीने त्याच्या दुकानाकडे एकदा पाहिलं आणि गाडी जॅकवर चढवली.

"ब्रेक न मारता, नुसती पळवली तर?"

"अगदी गुळगुळीत."

म्हणजे चाकांचं बॅलन्सिंग ठीक होतं. चाक दोन्ही हातांनी हलवून बघितलं, कुठे ढिलाई नव्हती. मग चाकं काढली, डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं डायल गेज लावलं आणि ती हळूहळू फिरवली. उजवीकडे काटा जागचा हलला नाही. डावीकडे मात्र डिस्कच्या प्रत्येक फेरीला काटा पुढे जायचा, मागे यायचा. त्याने डिस्क काढली. मागे हबवर, म्हणजे डिस्क जिथे टेकते त्या तबकडीवर, गंजाचा पापुद्रा तसाच होता. गंज खरवडायच्या आधीच त्या दिवशी फोन आला होता. पंक्चरवाल्याने त्या गंजावरच डिस्क चढवली होती. चाकाचे नटही समोरासमोरचे न घेता, पंक्चर काढल्यावर घेतात तसे एकामागून एक गनने ताणले होते. डिस्क तिरकी बसली होती आणि तशीच चालून कुठे जाड, कुठे पातळ झाली होती.

"काय निघालं रे?" पंक्चरवाला दोन पेले चहा घेऊन दारात उभा होता.

मिस्त्रीने पोलादी ब्रश उचलला आणि हब घासायला लागला. "डिस्कच खराब निघाली. हल्ली मालाचा भरवसा नाही."

"सुटलो बाबा! मला वाटलं, माझंच काही चुकलं. त्या दिवशी माझंही लक्ष ठिकाणावर नव्हतं."

"तुझं काय चुकणार? ठेव चहा तिथे."

हब चकचकीत झाला. डिस्क जोडीनेच बदलायच्या, म्हणून मिस्त्रीने दोन्ही बाजूंना नव्या चढवल्या, गेज लावून पाहिलं. दोन्हीकडे काटा गप्प. चाकाचे नट गन बाजूला ठेवून पान्याने आवळले, एक इकडचा, एक समोरचा. सगळं बरोबर होतं. मग तो सवयीने दाराकडे वळला आणि तिला हाक मारायला तोंड उघडून तसाच उभा राहिला.

गाडी त्याने स्वतःच रस्त्यावर काढली. ग्रंथपाल शेजारी बसले. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला, दोन बोटांनी स्टिअरिंग धरलं, ब्रेक दाबला. काहीच जाणवलं नाही. पण ते तर बिघडलेल्या गाडीतही जाणवलं नसतं.

त्याने गाडी कडेला घेतली. "साहेब, तुम्ही चालवा."

ग्रंथपालांनी स्टिअरिंग मुठीत आवळलं.

"सैल धरा. दोन बोटांनी."

त्यांनी ब्रेक दाबला. मिस्त्री त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"बरं वाटतंय," ग्रंथपाल म्हणाले.

"बरं वाटतंय, की गेलंय?"

"छान आहे हो, मिस्त्री. खरंच छान आहे."

त्या तोंडावर चांगुलपणा होता. बाकी काही त्याला वाचता आलं नाही. त्याने आणखी एकदा ब्रेक दाबायला लावला. चष्मा नाकावरून हलला नाही, एवढं मात्र त्याने पाहिलं, आणि गाडी देऊन टाकली.

आता गिऱ्हाईक आलं की मिस्त्री सांगतो, गेज लावून काम करून देतो, चालवून मात्र तुमचं तुम्ही बघायचं. लोक हो म्हणतात आणि काम झालं की गाडी घेऊन जातात.

पाटीवरचं 'चाचणीसह' तेवढं पुसायचं राहिलं आहे.