जावयाची जीभ

स्वानंदने पातेल्यावरचं झाकण जरासं उचललं आणि लगेच खाली दाबलं. आत खरखर झाली.

"मागनं धरा," त्याच्या सासूबाई, बाळाबाई, म्हणाल्या. "पाठीवर. तितवर त्याच्या नांग्या पोचत न्हाईत."

त्याने श्वास रोखून हात घातला. खेकडा हातात आला तसा तो स्वतःशीच हसला. भोरला त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात अंड्यापलीकडे कधी काही शिजलं नव्हतं. सोनियाशी लग्न झाल्यावर पासलीला, तिच्या माहेरी, त्याने पहिल्यांदा हा रस्सा चाखला आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. आता सासूबाईंनीच फोन करून बोलावलं होतं. सोनीला स्वयंपाकाचा कंटाळा, तुमाला आवड हाये, तर तुमीच शिकून घ्या, असं म्हणाल्या. सोनिया आल्या आल्या वडिलांबरोबर भाताची खाचरं बघायला गेली. घरात सासू-जावई दोघंच उरले.

बाळाबाईंनी मोठ्या नांग्या मोडून दिल्या. बारीक पाय त्याने पाट्यावर वाटले आणि पाणी घालून फडक्यातून गाळले. रश्श्याला गोडी याच पाण्याने येते, हे त्याला आजच कळलं. मग चुलीवर तवा चढला.

"खोबऱ्याचा वास सुटला का?"

"अजून नाही."

"सुटला की सांगा."

त्याने सांगितलं तेव्हाच त्यांनी तवा उतरवला. लसणाचंही तसंच. रस्सा उकळू लागल्यावर त्यांनी पळीत थोडा निववून त्याच्या तळहातावर थेंबभर सोडला.

"काय कमी हाये?"

"मीठ. थोडंसं."

"तुमीच टाका."

आपली परीक्षा चालली आहे असं समजून स्वानंद तोंडी परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला होता.

बाळाबाई तांदळाचं पीठ मळायला घेत होत्या. त्यांच्या शेजारी गॅसवर दूध तापत होतं. बघता बघता करपल्याचा वास घरभर झाला. त्या उठतील म्हणून तो थांबला. पण त्या पीठ मळत राहिल्या, उकड नीट निघाली तर भाकरी कशी चिरत नाही ते सांगत राहिल्या. शेवटी त्यानेच उठून गॅस बंद केला.

"दूध खाली लागलं, आई."

परातीतले हात थांबले.

"लई वास सुटला व्हय?"

त्यांनी बोटांना चिकटलेलं पीठ हळूहळू सोडवलं.

"गेल्या दिवाळीत ताप आला हुता. तवापासनं वास येत न्हाई. चव बी न्हाई. हात चालतो सवयीनं, पर मीठ चुकतं. ह्यास्नी ठाव न्हाई. सोनीला सांगू नका, रडत बसंल."

"पुण्याला डॉक्टरांना दाखवू या."

"दाखवू की. भात काढून झाला म्हंजी."

तो चुलीपाशी परत बसला. पळी घेऊन फुंकर मारत रस्सा पुन्हा चाखला. या वेळी जरा जास्त वेळ तोंडात घोळवला.

"तिखट बरोबर आहे. आंबट कमी वाटतंय."

"आमसूल टाका मग," बाळाबाई म्हणाल्या आणि पुन्हा पिठाकडे वळल्या. "जीभ बरी हाये तुमची."

दुपारी सगळे पंगतीला बसले. सासरे, गेनबा, जेवताना एका शब्दापलीकडे बोलत नसत. सोनियाने पहिला घास घेतला आणि आईकडे पाहिलं.

"आई, आज अगदी पहिल्यासारखं झालंय."

"झ्याक," गेनबा म्हणाले.

बाळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही, जावयाकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. तेव्हा कुठे त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि बोलत बोलत पोटभर जेवल्या.

हात धुवायला स्वानंद अंगणात आला. तांब्या घेऊन गेनबा मागोमाग आले आणि त्याच्या हातावर पाणी घालू लागले. एकदा दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"दिवाळीपासनं म्या रोज झ्याक म्हनतो. कवा मीठ डबल, कवा न्हाईच. तिला वाटतं आमाला कळत न्हाई." त्यांनी आणखी पाणी घातलं. "आज खरं बोललो."

आतून बाळाबाईंची हाक आली. "जावई, फुडल्या रविवारी कोंबडी करायची का?"

"येतील की," गेनबाच मोठ्याने म्हणाले आणि तांब्यातलं उरलेलं पाणी आपल्या हातावर ओतलं.