मर्व्हच्या माघारी कोरडा पडलेला बंब

मित्रांनो, मी कुराबी गावचा जुना आगीचा बंब आहे आणि आज माझे डोके तापलेले आहे. बंबानेच तापावे हे शोभत नाही, असे कुणी म्हणेल. खुशाल म्हणू दे. मला माझ्या मर्व्हची गोष्ट सांगायची आहे, आणि ती थंड डोक्याने सांगता येत नाही.

दूरच्या शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. अंगाला लाल रंग, पोटात पाण्याची टाकी, पाठीवर पंप. तिथून मला या गव्हाच्या मुलखात धाडले. आमच्या गावात पगारी अग्निशामक नाहीत. भोंगा वाजला की शेतकरी ट्रॅक्टर सोडतो, खाटीक सुरी ठेवतो आणि सगळे माझ्याकडे धावतात. त्यांत सर्वांत आधी पोहोचायचा तो मर्व्ह हॉस्किंग. गावातले एकुलते एक गॅरेज त्याचे. हात कितीही धुतले तरी नखांतले काळे तेल जात नसे.

त्याची बायको वारली तेव्हा मुलगी टॅमसिन नुकती चालायला लागली होती. मर्व्हने तिला एकट्याने वाढवले. वेण्या घालायलाही तो शिकला, वाकड्या का होईना. भोंगा वाजला की लेकीला शेजारच्या आयरीनच्या कडेवर देऊन धावत सुटे. एकदा शाळेच्या कार्यक्रमात टॅमसिन मेंढी झाली होती. हा गृहस्थ आगीवरून थेट तिथे गेला आणि काजळलेल्या तोंडाने पहिल्या रांगेत बसला.

"अरे मर्व्ह, तोंड तरी धुवायचंस!" बाई म्हणाल्या.

"धुवत बसलो असतो तर माझी मेंढी नाचून गेली असती," तो म्हणाला.

आग विझवून परतल्यावर बाकीचे बिअर प्यायला जात. मर्व्ह मात्र आधी माझी टाकी काठोकाठ भरी आणि मगच घरी जाई. दर बुधवारी तो आयरीनला इस्पितळात नेई, शनिवारी मैदानावर चुन्याच्या रेषा आखी. लोक त्याला शाबासकी देत. शाबासकी द्यायला काय लागते? ती देऊन लोक निवांत झाले.

या फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, मर्व्ह गॅरेजमध्ये काम करता करता कोसळला, तो उठलाच नाही.

आमच्याकडे रीत आहे. आग विझवणारा गेला की त्याची शवपेटी बंबावरून नेतात आणि वर त्याचे शिरस्त्राण ठेवतात. सारा गाव मला धुवायला लोटला. इतके हात माझ्या अंगावरून कधी फिरले नव्हते! मग आमच्या पथकाचा प्रमुख नेव्हिल म्हणाला, "टाकी भरलेली असली की वळणावर पाणी हिंदकळतं. मर्व्हला धक्के नकोत. रिकामी करू या." सगळ्यांना ते पटले. माझे पाणी गटारात सोडले गेले.

रस्त्याच्या दुतर्फा माणसे टोप्या काढून उभी होती. "कुराबीचा कणा गेला," असे म्हणत पबचा मालक बर्नी हुंदके देत होता. मग मला शेडमध्ये लावले आणि मंडळी सँडविच खायला आणि बिअर प्यायला सभागृहात गेली. टाकी पुन्हा भरायचे कुणाच्या मनातही आले नाही. इतकी वर्षे ती आपोआप भरत असावी, अशीच सगळ्यांची समजूत!

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेच्या वाळवंटाकडून भाजून काढणारा वारा सुटला. गवत कापणाऱ्या यंत्राचे पाते दगडावर घासले, ठिणगी उडाली आणि आग आयरीनच्या घराकडे निघाली. भोंगा वाजला. आले फक्त नेव्हिल आणि आता मोठी होऊन पथकात आलेली टॅमसिन. बाकीच्यांची आदल्या दिवशीची उतरली नव्हती.

"नेव्ह, पाण्याचा काटा बघितलास?" वाटेत टॅमसिनने विचारले.

"मर्व्हचा बंब आहे गं हा! कधी रिकामा असतो का?"

मित्रांनो, मला त्या वेळी वाचा असती तर मी रस्त्यातच बोंब ठोकली असती. आयरीनच्या दारात पंप सुरू झाला, दोनदा खोकला आणि गप्प झाला. टॅमसिनने म्हातारीला ओढून बाहेर काढले. शेजारच्या गावचा बंब येईपर्यंत घराचे फक्त धुराडे उरले होते.

पुढच्या आठवड्यात मर्व्हच्या स्मारकाचा दगड उभारण्यासाठी सभा भरली. सभागृह आणि माझी शेड यांच्यात एक पत्रा आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू येते.

"मर्व्ह असता तर आयरीनचं घर वाचलं असतं," बर्नीने उसासा टाकला. सगळे हो हो म्हणाले.

टॅमसिन ताडकन उठली. "बाबा असते तर, बाबा असते तर! बाबा नाहीत. तुम्ही आहात ना? ते पाणी भरत होते तेव्हा तुम्ही पीत बसायचात. रविवारी सरावाला किती जण येता? एवढंच सांगा, मग दगड बसवा."

"पोरीला दुःख झालंय. बोलू दे तिला," कुणीतरी कुजबुजले.

दुःखी माणसाचे बोलणे खोटे असते का हो? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी सरावाला टॅमसिन एकटीच आली. जरा वेळाने काठी टेकत आयरीन आली. पायांत कुणाचे तरी भले मोठे बूट होते.

"आयरीन, तू कशाला आलीस? बस बाई कुठेतरी."

"बसायला घर कुठे ठेवलंय मला? पाइप मला उचलवणार नाही. पण घर जळालंय, डोळे शाबूत आहेत. काटा कुठे असतो ते दाखव."

नेव्हिल दारात केव्हाचा उभा होता. तो मान खाली घालून आत आला आणि पाइप उलगडू लागला. बाकीचे? बाकीचे रस्त्यापलीकडे मर्व्हच्या नावाचा दगड उचलत होते. चांगली वीसेक माणसे होती.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुणी मर्व्ह असेल. तो जिवंत आहे तोवर त्याच्यासोबत कामाला लागा, त्याच्याकडून शिकून घ्या. आणि रस्त्यापलीकडच्या मंडळींनो, तुम्हीही ऐका. भोंगा पुन्हा वाजणार आहे, आणि तुमचा दगड काही धावत येणार नाही.