टोपलीचं ओझं

यंत्रमानवावर बसवलेला, नेरमीनने बनवलेला उचलणारा हात तिसरा डबा उचलताना पुन्हा धापकन खाली आला. एकात एक सरकणाऱ्या तीन पट्ट्या, त्यांना वर ओढणारी दोरी आणि ती गुंडाळणारी मोटर. मोटरीला बोट लावलं तर चटका बसत होता.

"इंजिनियरबाई, यावर फलाफल तळता येतील," संघाचा कप्तान शेनूदा म्हणाला. "परवा स्पर्धा आहे. हात काढून टाकू. डबे खालच्याच फळीवर ठेवू."

"वरच्या फळीला तिप्पट गुण आहेत."

"आणि पडलेल्या हाताला शून्य. मोठी मोटर नियमात बसत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत बघ, नाहीतर स्क्रू मी काढतो."

चार महिने तिने त्या हातावर घालवले होते. घरी येऊन ती सज्जात नुसती उभी राहिली. समोरच्या चौथ्या मजल्यावरून तांत इन्शिराहने, म्हणजे इन्शिराहकाकूने, दोरीने टोपली खाली सोडली होती. वाण्याने टोमॅटो भरले. गल्लीत सगळ्यांच्याच टोपल्या अशा खालीवर होतात, त्यात बघण्यासारखं काही नाही. पण तांतची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, आणि टोपली मात्र झरझर वर येत होती.

"तांत, थांबा! मी येते ओढायला!"

"कशाला गं? टोमॅटोच तर आहेत."

"आणि एवढी जड टोपली?"

"ती तुझे काका ओढतात."

काकांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तांतने हनुवटीने खूण केली. कप्पीवरून दोरीचं दुसरं टोक खाली येत होतं आणि त्याला काकांचा लोकरी मोजा बांधलेला होता, वाळूने गच्च भरलेला.

"टोपलीच्या भारोभार वाळू घातलीय. रिकामी टोपली दिवसातून दहादा मी का म्हणून उचलू? जन्मात त्यांनी घरातली काडी उचलली नाही. आता उचलू देत!"

नेरमीन हसायचंच विसरली. डबा तीनशे ग्रॅमचा. हात दोन किलोचा. मोटर दर खेपेला डबा नव्हे, हातच उचलत होती.

दुसऱ्या दिवशी शेनूदाला काकांच्या मोज्याची गोष्ट सांगत तिने हाताला उलट्या बाजूने मासेमारीची शिशाची वजनं बांधली. हात सुळकन वर गेला, पण काट्यावर यंत्रमानव नियमातल्या वजनापेक्षा दोन किलोने जास्त भरला.

"झालं! आता दारातूनच परत पाठवतील," म्हणत शेनूदाने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"वजन नकोच. फक्त ओढ हवी," ती पुटपुटली आणि घरी पळाली. भावाच्या मासे मारायच्या बंदुकीचं जाड रबर तिने सरळ कापून आणलं. मार पुढे खायचाच होता. ते हाताला वर ओढेल असं ताणून बांधलं, लांबी दोनदा कमीजास्त केली. मग वीज बंद करून तिने एका बोटाने हात वर ढकलला. जिथे सोडला, तिथे तो थांबला.

शेनूदाने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

अंतिम फेरीत दोन्ही संघांचे सात-सात डबे वरच्या फळीवर पोहोचले. भोंगा वाजला, वीज तुटली. आता ज्याचा हात वर राहील, त्याला जास्तीचे गुण. समोरच्यांचा हात क्षणभर थरथरला आणि धाडकन कोसळला. नेरमीनने डोळे मिटून घेतले.

"उघड, उघड डोळे!" शेनूदा तिचे खांदे गदागदा हलवत ओरडला. "काकांनी धरून ठेवलाय!"

हात वरच होता. पंचांनी त्याची उंची तीनदा मोजून पाहिली, तरीही वरच होता.