दातावर दात

माणूस आरशाला का भितो? कुणी पिकल्या केसांना भितो, कुणी सुरकुत्यांना. ती भीत होती, कारण आरशात तिला तिची मुलगी भेटायची.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथे आरशांना तोटा नाही. भिंतीवर आरसे, काउंटरवर फिरते आरसे, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला आणखी एक छोटा. कुणी फ्रेम लावून "कशी दिसते?" म्हणत वळलं की हसून "शोभते तुम्हाला" म्हणायचं, हे तिचं काम. आणि ती हसली की वरच्या ओठाखालून डावीकडचा सुळा बाहेर यायचा, शेजारच्या दातावर चढून बसलेला. अगदी तस्साच मुलीला होता. रंग बापाचा, केस आत्याचे, हसू मात्र आईचं जसंच्या तसं उचललेलं. तिचा नवरा दोघींना एकाच नावाने हाक मारायचा: मोठी खार, छोटी खार.

छोटी खार गेल्या वर्षी गेली. ताप चढला तो उतरलाच नाही. देवाने दिलेलं देवाने नेलं, असं लोक म्हणाले. तीही मान हलवायची. पण संध्याकाळी जी प्रार्थना ती मुलीला जवळ घेऊन मोठ्याने म्हणायची, ती आता नुसती ओठांतल्या ओठांत व्हायची. आवाज लावला तर दुसरा आवाज मागून येईलसं वाटायचं, आणि तो आला नाही की काळीज तुटायचं.

एके दिवशी एका बाईला तिने फ्रेम दाखवली, हसली, समोरच्या आरशात नजर गेली, आणि तशीच आतल्या खोलीत जाऊन चष्म्यांच्या खोक्यांवर बसून राहिली. मालक चांगला माणूस. म्हणाला, "ताई, घरी जा आज." ती घरी गेली आणि नवरा आल्यावर म्हणाली, "मी दात करून घेणार आहे. व्हेनिअर्स. वरून पातळ कवच चिकटवतात, सगळे दात एका रांगेत दिसतात."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताचं ग्रीस पुसता पुसता तो थांबला. "का? हसतं का कुणी? हसतील त्यांचे दात दिसतील."

"मला माझेच दिसतात," ती म्हणाली.

तो हात पुसत राहिला, ग्रीस गेल्यावरसुद्धा.

नणंदेला कळलं तेव्हा ती तावातावाने आली. "वहिनी, अगं त्या कवचासाठी चांगले धडधाकट दात घासून झिजवायचे? दादा, तू काही बोलत का नाहीस?"

"मी काय बोलू," तो म्हणाला. "दात तिचे."

"आणि तुला डॉक्टर कोण भेटणार, तो जाहिरातीतला? त्याचे स्वतःचे दात इतके पांढरे आहेत की समोर उभं राहायला तुझ्या दुकानातला गॉगल लागेल." मग तिचा आवाज खाली आला. "करायचंच असेल तर एक ऐक. जो दातांच्या आधी तुझ्याकडे बघेल, त्याच्याकडे कर."

पहिला डॉक्टर खरोखरच जाहिरातीतला निघाला. काचेचं दार, मंद संगीत, भिंतीएवढा पडदा. त्याने फोटो काढला आणि क्षणात पडद्यावर तिचा नवा चेहरा आणला. बाई सुंदर होती. कोण होती कोण जाणे.

"सहा दात, दोन भेटी, की झालं," तो म्हणाला. "फक्त पांढऱ्याची शेड निवडा."

"घासलेले दात पुन्हा येतात का?"

"मागे वळून कशाला बघायचं, मॅडम?"

ती शेड न निवडताच निघाली. तो वाईट होता असं नाही. पण त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं, का म्हणून.

दुसरी डॉक्टरीण वयस्कर होती. वह्या-पेन्सिलींच्या दुकानावर तिचा दवाखाना, जिना अरुंद, खुर्ची जुनी पण लख्ख. तिने तोंड उघडायला सांगण्याआधी समोर स्टूल ओढलं आणि बसली.

"काय बोचतंय?"

तिने सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं.

डॉक्टरीणबाईंनी लगेच सांत्वन केलं नाही. तिच्या तोंडात आरसा धरून बराच वेळ बघितलं. "दात निरोगी आहेत. सुळा पुढे आहे, म्हणजे तो बराच घासावा लागेल. एकदा घासला की गेला. कवच काही जन्मभर टिकत नाही, पुढे पुन्हा बदलावं लागेल. तारा लावून सावकाश मागे नेता येईल, तो मार्ग चांगला."

"तारा नको," ती झटकन म्हणाली. तारा मुलीला लावायच्या होत्या. "एवढ्यात काय घाई आहे" असं तेव्हा सगळेच म्हणाले होते.

"बरं. मग आधी कच्चे दात लावून बघू. काही घासायचं नाही, त्यामुळे जरा जाड वाटतील. साचा घेते, त्यावर नवा आकार घडवते, आणि तो तुमच्या दातांवर तात्पुरता बसवते. घालून घरात वावरा, दुकानात जा. पटलं तर पुढे."

तिने त्यांनाच निवडलं. त्यांनी मऊ लगद्याने भरलेला पत्रा दातांवर दाबून साचा घेतला. पुढच्या भेटीत कच्चे दात बसले. आरशात पाहिलं तर एका रांगेतले, गुळगुळीत दात. तिने हसून पाहिलं. कुणी आलं नाही.

दुकानात तर जादूच झाली. आरसे नुसते आरसे झाले. ती फ्रेमा दाखवायची, हसायची, "शोभते तुम्हाला" म्हणायची, आणि काळजात काही हलायचं नाही. मालक म्हणाला, "ताई, चेहरा उजळला तुमचा."

घरी नवऱ्याने बघितलं. "छान," तो म्हणाला. त्याची नजर तिच्या ओठांवर इकडून तिकडे फिरली, जशी अंधारात बटण शोधणाऱ्या माणसाची बोटं भिंतीवर फिरतात. मग तो जेवायला बसला.

आणि त्या दिवसापासून त्याचे विनोद थांबले.

हे विनोद म्हणजे तिच्या डोक्याला ताप होता. मुलगी गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याने जेवताना एक फुसका विनोद केला होता. ती ताटावरून उठली होती. "तुम्हाला चेष्टा सुचते तरी कशी?" तरी दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक केला होता. इतके टाकाऊ विनोद की चीड येता येता तिचे ओठ सवयीने विलग व्हायचे. मग तो क्षणभर बघायचा आणि मान खाली घालून जेवू लागायचा. ती मनात म्हणायची, स्वतःच्याच विनोदावर खूश. बापाचं काळीज दगडाचं असतं, हेच खरं.

आता तो गुपचूप जेवायचा. तिला वाटलं, सुटले.

पक्के दात करायच्या दिवशी ती खुर्चीत बसली. डॉक्टरीणबाईंनी बधिर करायची सुई भरायला घेतली आणि त्या थांबल्या. कपाटातून एक खोकं काढून तिच्या मांडीवर ठेवलं. आत प्लॅस्टरचा साचा, तिच्या जुन्या दातांचा. पांढरा, थंड. डावा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलेला.

"तुमचे मिस्टर आले होते," त्या म्हणाल्या. "म्हणाले, काम झाल्यावर हा मला मिळेल का. मी म्हटलं, साचा त्यांचा आहे, त्यांना विचारून देईन. हातात घेऊन उभेच राहिले. मग विचारलं..." बाईंनी चष्मा काढला. "विचारलं, यात दात हसताना दिसतात तसे दिसतील का."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, अहो, हे प्लॅस्टर आहे. ते कसं हसेल?"

ती साच्याकडे बघत राहिली. एकेक करून सगळे विनोद आठवले. फुसके, टाकाऊ, ताटावरून उठायला लावणारे. तो तिला हसवत नव्हता. तो दार ठोठावत होता. दार क्षणभर उघडायचं, आत लेक उभी असायची, तो तिला बघून घ्यायचा आणि मान खाली घालून जेवायचा. जे तिला नको होतं, तेच त्याच्याजवळ उरलेलं सगळं होतं. आणि तरी त्याने नको म्हटलं नव्हतं. दात तिचे, म्हणाला होता.

आपलं हसू आपल्याला कुठे दिसतं? ते समोरच्यासाठीच असतं.

"हे कच्चे काढा," ती म्हणाली.

"आणि पक्के?"

तिने नकारार्थी मान हलवली.

नवरा घरी आला तेव्हा ती टेबलाशी बसली होती. खोकं समोर. त्याने ते ओळखलं आणि चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

"विनोद सांगा," ती म्हणाली.

"आता नाही सुचत."

"उंदराचा सांगा."

तो विनोद मुलीचा लाडका. मुलगी गेल्यापासून त्याने सगळे सांगितले होते, तो एक सोडून. तो खुर्चीत बसला. तोंड उघडलं आणि मिटलं.

मग तीच सांगू लागली. "लिफ्टमध्ये एक उंदीर शिरला. लिफ्टवाल्याने विचारलं, काय साहेब, कितव्या मजल्यावर जायचं?" तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "उंदीर म्हणाला, आधी मांजर कितव्या मजल्यावर राहतं ते सांगा."

आणि ती हसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हसली. सुळा बाहेर आला. उद्या दुकानात आरसे पुन्हा तेच होणार होते, हे तिला माहीत होतं. "बघा," ती म्हणाली. "मला नाही बघवत. तुम्ही बघा."

त्याने बघितलं. या वेळी मान खाली घातली नाही. त्याचा चेहरा हळूहळू मोडत गेला, आणि वर्षभर दाबून धरलेलं रडू एखाद्या लहान मुलासारखं बाहेर आलं.

कितीतरी वेळाने त्याने बाहीने डोळे पुसले, आणि विनोद संपला की छोटी खार हट्टाने जे म्हणायची, तेच म्हणाला.

"परत."