माझी पिन कुणी काढली?

मी एक जुना फ्रीज आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझ्याकडे थंड पाणी मिळत नाही. मी लसींचा फ्रीज आहे. पेटीसारखा आडवा, वरून झाकण. कारखान्यात मला मुद्दाम जाड भिंती दिल्या, म्हणजे थोडा वेळ वीज गेली तरी पोटातला गारवा टिकावा. लसी फार नाजूक असतात. तापल्या की वाया जातात. मग टोचलं काय आणि न टोचलं काय, सारखंच.

या छोट्या दवाखान्यात मी आलो तेव्हा फोटो काढले गेले. फोटोत माझ्यापेक्षा पाहुणेच जास्त दिसत होते. दुसऱ्या दिवशी कौतुक संपलं. कुणी माझ्यावर छत्री ठेवी, कुणी हेल्मेट. शिपाईमामा तर आपला जेवणाचा डबाच माझ्या पोटात ढकलत. काळजी घेत त्या एकट्या सिस्टर. "मामा, हा फ्रीज आहे, खानावळ नाही!" असं म्हणत त्या डबा बाहेर काढत. मामा नुसते हसत. पालथ्या घड्यावर पाणी!

जवळच्या वस्तीत एक आजी राहते. तिचा लसीवर काडीचाही विश्वास नव्हता. "धडधाकट पोरीला सुई टोचून ताप आणायचा, हे कुठलं शहाणपण?" असं ती म्हणे. सुनेला लस हवी होती, पण तिचं कोण ऐकतं! नातीला गोवराची लस द्यायची वेळ झाली, तेव्हा सिस्टर उन्हातान्हात त्यांच्या घरी खेटे घालत राहिल्या. शेवटी आजी म्हणाली, "बरं बाई, दवाखान्याच्या पुढच्या सुट्ट्या संपल्या की आणते." मामांना हे सांगताना सिस्टरचा चेहरा नुसता फुलला होता.

नेमकं त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांचं भाषण ठरलं. विषय काय, तर लसीकरणाचं महत्त्व! सिस्टर लोकांना बोलवायला वस्तीत गेल्या होत्या. तेवढ्यात मंडपवाला आत आला, आणि त्यानं माझी पिन उपटून लाउडस्पीकरची लावली. शिपाईमामांनी माझे बर्फाचे पॅक काढून साहेबांच्या पाण्याच्या बाटल्यांभोवती रचले. "एकही बालक वंचित राहता कामा नये!" साहेब गरजले. आत मी तापत होतो, बाहेर टाळ्या वाजत होत्या. सांगा, डोकं फिरेल की नाही?

भाषण संपल्यावर साहेब सिस्टरना तसंच पुढच्या गावी घेऊन गेले. तिथेही माणसं जमवायची होती ना! मंडपवाल्यानं आपली वायर गुंडाळली. माझी पिन लोंबकळत राहिली. मामांनी दाराला कुलूप घातलं. पुढे जोडून सुट्ट्या, बाहेर रणरणतं ऊन. ओरडता आलं असतं तर मी अख्खी वस्ती गोळा केली असती. पण मला फक्त घुरघुरता येतं, आणि तेही पिन लावली तर!

सुट्टी संपली त्या सकाळी आजी सगळ्यांच्या आधी बाकावर हजर. शेजारी सून, तिच्या मांडीवर नात. सिस्टरनी झाकण उघडलं आणि त्यांचा हात थबकला. लसीच्या बाटलीवर एक छोटा चौकोन असतो. लस तापली की तो काळवंडतो. सगळे चौकोन काळे पडले होते.

"आजी, आज लस देता येणार नाही. खराब झाली. नवीन आली की मी स्वतः घेऊन येते."

"खराब?" आजी उठलीच. "आणि हीच तुम्ही माझ्या नातीला टोचणार होता?"

"नाही हो, म्हणून तर टोचत नाही!"

"चल गं," आजी सुनेला म्हणाली. सून वळून वळून बघत गेली.

मग चौकशी झाली. मंडपवाला म्हणाला, मामांनी सांगितलं. मामा म्हणाले, साहेबांना उकडत होतं. साहेब म्हणाले, फ्रीजच जुना झालाय. घ्या! खापर माझ्याच माथी.

नवी लस यायला फार वेळ लागला. आली तेव्हा सिस्टर ती घेऊन आजीच्या घरी गेल्या, पण दार उघडलं नाही. आणि मग वस्तीत गोवर आला. नातीच्या अंगभर पुरळ उठलं, ताप उतरेना. सून तिला छातीशी धरून धावत आली. इथून नातीला शहरातल्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं. पोर वाचली, मित्रांनो. पण तिचे कान फुटले, आणि एका कानानं तिला आता ऐकू येत नाही.

काही दिवसांनी आजी एकटीच आली. सिस्टरसमोर उभी राहिली.

"मी आणली होती गं तिला," एवढंच म्हणाली.

"हो आजी, तुम्ही आणली होती. आमच्याकडेच लस नव्हती."

सिस्टरनी तिला भाषणाची आणि उपटलेल्या पिनेची सगळी हकिगत सांगितली. मग आजी म्हणाली, "पिन कुठली, ती दाखव मला."

आता लसीच्या दिवशी ती वस्तीतल्या लेकरांना आणि त्यांच्या आयांना घेऊन येते, आणि आधी माझी पिन बघते. परवा कुणीतरी पंखा लावायला माझ्या पिनेकडे हात नेला, तर आजी कडाडली, "हात लावून तर बघ!"

मित्रांनो, तुम्ही दवाखान्यात गेलात आणि तिथे असं काही सुटलेलं, बंद पडलेलं दिसलं, तर गप्प बसू नका. मोठ्यानं विचारा. मोठी माणसं रागावतील. रागावू द्या.